मेंडेल्सोनच्या कॅडेन्झात गज उडायचा थांबतो तेव्हा

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: "सर, घरी येत होतं हो, इथे काय झालं कळत नाही." प्रकरण असतं जर्मन संगीतकार मेंडेल्सोनच्या ई मायनर व्हायोलिन कॉन्चेर्तोचं (कॉन्चेर्तो म्हणजे ऑर्केस्ट्राच्या साथीने एका सोलो वाद्यासाठीची रचना), पहिल्या भागातल्या कॅडेन्झाच्या, म्हणजे व्हायोलिन एकटंच वाजतं त्या जागेच्या, शेवटचं. गज चारही तारांवरून टपाटप उड्या मारत जायला लागतो, पहिले तीन-चार बार (स्वरलिपीतले लयीचे समान तुकडे) झकास जातात आणि मग काहीतरी बिनसतं. सर्वांत वरच्या सुराची ‘ई’ तार शिटी मारते, सर्वांत खालच्या ‘जी’ तारेवर खर्र होतं, उड्या विरून नुसतं घासणं उरतं. वाजवणारा घाबरून गज आपटायला लागतो आणि होतं नव्हतं तेही जातं. दोन दिवसांनी पुन्हा जमतं, चौथ्या दिवशी पुन्हा जातं. पाळीच्या तापासारखं दुखणं आहे हे. उतरला म्हणून माणूस कामाला लागतो आणि पाळीच्या दिवशी पुन्हा अंथरूण धरतो.

या दुखण्यात मी स्वतः तीन वर्षं काढली आहेत. एकदा विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमात, पियानोच्या साथीवर, गज नेमका इथेच असा अडकला की पियानोवाल्या बाईंनी थीम सुरू केली तेव्हा मी अर्धा बार मागे होतो. त्या बिचाऱ्या मला शोधत पुढेमागे होत राहिल्या. पुढे शिकवायला लागलो, हाच दोष दुसऱ्यांच्या हातात बघायला मिळाला, तेव्हा कुठे उमगलं की गज ज्या बारला थांबतो त्या बारमध्ये दोष सहसा नसतोच. तो दोन-चार बार आधी शिरलेला असतो आणि आपण औषध मात्र पडलेल्या जागेवर लावत बसतो. तोच बार शंभरदा घोटतो, त्यामुळे तो बार सुटा वाजवला की उत्तम येतो. "घरी येत होतं" म्हणतात ते असं.

जागा नेमकी काय आहे

मेंडेल्सोनच्या डोक्यात ही रचना बरीच वर्षं घोळत होती. लाइपझिगच्या गेवांडहाउस ऑर्केस्ट्राचा पहिला व्हायोलिनवादक फर्डिनांड डाव्हिड हा त्याचा जुना दोस्त. त्याला 1838 च्या जुलैमध्ये लिहिलेल्या पत्रात मेंडेल्सोन म्हणतो की ई मायनरमधला एक कॉन्चेर्तो डोक्यात आहे आणि त्याची सुरुवात स्वस्थ बसू देत नाही. रचना पुरी झाली सप्टेंबर 1844 मध्ये. 13 मार्च 1845 ला लाइपझिगमध्ये ती पहिल्यांदा वाजली. वाजवणारा डाव्हिडच होता. मेंडेल्सोन आजारी असल्यामुळे ऑर्केस्ट्रा नील्स गाडेने सांभाळला. व्हायोलिनच्या बाजूने काय बसेल, काय बसणार नाही, याबद्दल मेंडेल्सोन डाव्हिडला विचारत होता. हे सांगायचं कारण एवढंच की ही जागा टेबलाशी बसून हवेत लिहिलेली नाही, तिच्यामागे कसलेल्या व्हायोलिनवादकाचा सल्ला आहे. "माझ्या हातात हे नाहीच" असं म्हणण्याआधी एवढं लक्षात घ्या.

त्या काळी कॅडेन्झा भागाच्या शेवटी यायची आणि पुष्कळदा वाजवणाराच ती तिथल्या तिथे रचायचा. मेंडेल्सोनने ती पूर्ण लिहून दिली आणि उचलून भागाच्या मध्यात ठेवली, मूळ थीम परत येण्याच्या अगदी आधी. शेवटी एकट्या व्हायोलिनवर आर्पेजिओ, म्हणजे कॉर्डचे (एकत्र धरलेल्या स्वरांचे) स्वर एकामागून एक, सुरू होतात: आधी क्वेव्हर (एका मात्रेत दोन स्वर), मग ट्रिपलेट (तीन), मग सेमीक्वेव्हर (चार). सेमीक्वेव्हरला गज उडायला लागतो, यालाच रिकोशे म्हणतात. हे चालू असतानाच ऑर्केस्ट्रा हळूच थीम घेऊन आत येतो. व्हायोलिन थांबत नाही, त्याच उड्या मारत राहतं.

म्हणजे त्या क्षणी सोलो वाजवणारा साथीदार झालेला असतो. आपल्याकडे तबल्याच्या सोलोला लेहरा धरणारा बसतो ना, तसा. लेहऱ्यावाला करामत दाखवत नाही, हलत नाही, त्याने डगमगून चालत नाही. निम्मी मंडळी इथे करामत दाखवायला जातात, आवाज मोठा काढतात, आणि मोठा आवाज काढायचा म्हणजे गज उंचावरून टाकायचा. उंचावरून टाकलेला गज उशिरा परत येतो. पुढचं गणित तिथूनच चुकतं.

पहिली तपासणी: डावा हात काढून घ्या

चारही तारा मोकळ्या. जी, डी, ए, ई वर जाताना डाऊन-बो (गज मुठीकडून टोकाकडे), परत येताना अप-बो (टोकाकडून मुठीकडे), एका बोमध्ये चार स्वर. मेट्रोनोम लावा आणि दोन मिनिटं सलग वाजवा. घड्याळ लावून दोन मिनिटं. अंदाजाने नको, कारण अंदाजाची दोन मिनिटं चाळीस सेकंदांत संपतात.

दोन मिनिटं टिकलं तर दोष डाव्या हातात आहे, पुढचे तीन परिच्छेद वाचून डाव्या हाताकडे जा. टिकलं नाही तर उजवा हात बघायचा. माझा अनुभव असा की दहापैकी सहा-सात जणांचा उजवा हात इथे पास होतो आणि त्यांनाच त्याचं सर्वांत मोठं आश्चर्य वाटतं. महिनोन्‌महिने ते मनगटाचे व्यायाम करत बसलेले असतात.

उजव्या हाताचा दोष असेल तर तो बहुतेक वेळा सरकण्याचा असतो. हे नीट बघण्यासारखं आहे. गजाच्या काडीला बारीक दोरा बांधा, जिथे तुमचा गज आपोआप उडतो तिथे. ही जागा प्रत्येकाची वेगळी, साधारण मध्याच्या आसपास किंवा किंचित टोकाकडे. आता आरशासमोर उभं राहून वाजवा आणि फक्त दोऱ्याकडे बघा. डाऊन-बो अप-बोपेक्षा नखभर जरी लांब पडत असेल, तरी दर फेरीला गज नखभर टोकाकडे सरकतो. आठ-दहा फेऱ्यांत तो बोटभर सरकलेला असतो. टोकाकडे गज जास्त भराभर आणि बारीक उडतो, मुठीकडे सावकाश आणि उंच. म्हणजे तुम्ही लय धरून बसलात तरी गज स्वतःची लय बदलतोय, आणि चौथ्या-पाचव्या बारला दोघांचं भांडण जुंपतं. तुम्हाला वाटतं गज अचानक थांबला. तो तर पहिल्या बारपासून चालत निघाला होता.

यावर उपाय कंटाळवाणा पण रामबाण आहे: अप-बोला किंचित जास्त हात द्यायचा. गुरुत्वाकर्षण डाऊन-बोच्या बाजूचं, म्हणून अप-बो नेहमी कंजूष होतो. दोरा तारांच्या वर तरंगत एका जागी राहिला पाहिजे. आठवडाभर फक्त हे करा.

दुसरी गोष्ट कोपराची. चार तारांच्या चार पातळ्या असतात, आणि त्या मनगटाने गाठायला गेलात की मनगट दहा सेकंदांत भरून येतं. दंड आणि कोपर मिळून एक छोटा सलग झोका घ्यायला हवा, जात्याच्या खुंट्याला धरून हात फिरतो तसा न थांबता. मनगट त्यावर सैल बसलेलं. मागून मोबाइलवर शूट करून बघा. कोपर थांबत-थांबत, चार पायऱ्या उतरल्यासारखं दिसलं तर दोष सापडला. आणि गज फेकायचा फक्त एकदा, पहिल्या स्वराला. पुढे काडीच्या लवचिकतेवर सगळं चालतं, तुमचं काम तिला आडवं नेत राहण्याचं. माझे सर मूळचे गोव्याचे, चर्चच्या शाळेत स्वरलेखन शिकून मुंबईला आलेले. ते दर तासाला एकच म्हणायचे, "मारूं नाका रे, ताका सोड." मला तेव्हा वाटायचं म्हातारा दुसरं काही शिकवतच नाही.

डावा हात: उशीर कोणाला परवडतो

आता ज्यांचे मोकळ्या तारांवरचे उडणे ठीक आहे त्यांच्यासाठी. कॉर्ड बदलते तेव्हा तीन-चार बोटं एकदम जागा बदलतात. त्यातलं एक जरी अर्धवट टेकलं तर त्या तारेवर स्वर निघत नाही, नुसती "टक्‌" किंवा शिटी येते. गज त्या वेळी ठीकच उडत असतो. पण कानाला खराब आवाज आला की मेंदू उजव्या हाताला दोषी धरतो, मूठ आवळली जाते, आणि गज खरोखर थांबतो. चोर एक, धरला दुसराच.

थोडं गणित करू. मिनिटाला 100 मिनिम (एक मिनिम म्हणजे आठ सेमीक्वेव्हर) या वेगाला सेकंदाला 13 पेक्षा जरा जास्त सेमीक्वेव्हर पडतात. जी तारेवर सुरुवात करून ई तारेवर पोचायला तीन स्वरांचा वेळ, म्हणजे जवळजवळ पाव सेकंद मिळतो. डाऊन-बो खालच्या तारेवर सुरू होतो, तेव्हा नव्या कॉर्डमध्ये खालच्या तारेवरचं बोट सर्वांत आधी तयार हवं. वरच्या तारेवरचं बोट पाव सेकंद उशिरा आलं तरी चालतं. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. सुरावट वरच्या स्वरात ऐकू येते म्हणून आधी वरचं बोट टाकतात आणि खालच्याची धावपळ होते.

सराव असा: गज बाजूला ठेवा. व्हायोलिन धरून फक्त बोटं बदला, खालच्या तारेकडून वरच्या तारेकडे, पण इतकी जवळजवळ की एकच "टप" ऐकू यावं. बोटं तारेवर नुसती ठेवायची, दाबायची नाहीत. मग गज घ्या, पण उडवू नका. तीच कॉर्ड तारेला चिकटून, लेगाटोत (स्वर न तोडता), सावकाश. शिटी येणारी तार इथे पटकन पकडली जाते. हे स्वच्छ झाल्याशिवाय उडवायचं नाही, हा माझ्या वर्गातला नियम आहे आणि तो सगळे मोडतात.

अंगठा तपासा. कॅडेन्झाच्या सुरुवातीपासून वर चढून, ट्रिल करून, दमून तुम्ही या जागी आलेले असता, आणि तोवर अंगठ्याने मानेला मगरमिठी मारलेली असते. आर्पेजिओ सुरू व्हायच्या आधीच्या स्वराला अंगठा एकदा हलवून सोडायची खूण स्वरलिपीत पेन्सिलीने करून ठेवा. माझ्या प्रतीवर तिथे एक छोटा अंगठा काढलेला आहे. विद्यार्थी हसतात, हसू देत.

दुगुन, तिगुन, चौगुन

हिंदुस्थानी संगीत ऐकलेल्या माणसाला इथे आयती मदत आहे. क्रॉचेट ही मात्रा धरली तर क्वेव्हर म्हणजे दुगुन, ट्रिपलेट म्हणजे तिगुन, सेमीक्वेव्हर म्हणजे चौगुन. मात्रा तीच, भरणा वाढत जातो. कॅडेन्झाचा हा शेवट म्हणजे एवढीच लयकारी आहे. पण प्रत्यक्षात काय होतं? दुगुन आरामात, तिगुनला मात्रा किंचित पुढे पळते, आणि चौगुन येईस्तोवर मात्रा इतकी चढलेली असते की गजाला त्या वेगात उडताच येत नाही. दोष पुन्हा मागे, ट्रिपलेटमध्ये.

व्हायोलिन खाली ठेवा, टाळी द्या आणि तोंडाने म्हणा: दोन, तीन, चार. टाळी हलली तर आधी ती दुरुस्त करा. माझ्याकडे आयटीत काम करणारी एक मुलगी येते, तिला रिकोशे सहा महिने येत नव्हतं. तबला शिकणाऱ्या धाकट्या भावाला समोर बसवून तिने पंधरा दिवस हातावर ही तीन पटींची लय म्हटली. गजाला हात न लावता तिचा निम्मा दोष गेला. उरलेला निम्मा अप-बोचा होता.

गज कधी उडवायला सुरुवात करायची, हा प्रश्न नेहमी येतो. माझं मत: ठरवून सुरुवात करूच नये. ट्रिपलेटपर्यंत गज तारेला धरून ठेवा, पण बो छोटा करत करत आणि हात हलका करत करत आणा. चौगुन आली की योग्य जागी असलेला गज आपणहून उचलला जातो. "आता उडवतो" म्हणून झटका दिलात की तो झटका ऑर्केस्ट्राच्या प्रवेशापर्यंत ऐकू येत राहतो. काही चांगले वादक ट्रिपलेटपासूनच उडवतात आणि त्यांना ते शोभतं. शिकणाऱ्याने त्या फंदात पडू नये.

पावसाळा हेही एक कारण

आता जे युरोपातल्या मास्तरांच्या पुस्तकांत सापडणार नाही ते. जुलैत मुंबईत किंवा कोकणात गज उडत नसेल तर आधी स्वतःला दोष देऊ नका. गजाला घोड्याचे केस असतात आणि ते दमट हवेत लांबतात. मार्चमध्ये जितके फेरे फिरवून गज ताणत होता, तितकेच फिरवले तर जुलैत तो सैल राहतो. सैल गज उडत नाही, लोळतो. स्क्रू फिरवायची सवय हाताला झालेली असते, ती मोडा आणि डोळ्याने बघा: काडी आणि केस यांमध्ये मध्यावर पेन्सिलभर अंतर हवं. रोज मोजा. एवढं करूनही स्क्रू संपला आणि केस सैलच, तर केस बदलायची वेळ झाली आहे.

उलटंही होतं. दमट घरातून गज एसी सभागृहात नेला की केस आखडतात, गज अतिताण होतो आणि उंच उंच, अवखळ उड्या मारतो. कार्यक्रमाच्या आधी अर्धा तास पेटी उघडून सभागृहातच ठेवा आणि स्टेजवर जाताना ताण पुन्हा बघा. वाजवून झालं की गज सैल करायला विसरू नका. आखडलेल्या केसांनी काडी वाकवली तर ती सरळ करून घ्यायला पुन्हा कारागीर शोधत फिरावं लागतं, आणि चांगले कारागीर आपल्याकडे किती आहेत ते तुम्हाला माहीतच आहे.

पावसात व्हायोलिनचं लाकूडही फुगतं, वरची फळी किंचित वर येते आणि तिच्याबरोबर तारा पेलणारी घोडीही. तारा फिंगरबोर्डापासून उंच जातात, बोटांना जास्त दाब द्यावा लागतो, कॉर्ड उशिरा पडते. म्हणजे वर सांगितलेला डाव्या हाताचा दोष पावसाळ्यात आपोआप वाढतो. काही व्यावसायिक मंडळी दोन घोड्या ठेवतात, पावसाळ्याची आणि उन्हाळ्याची. परवडत असेल तर तेच करा.

ऑक्टेव्ह: दुसरी नेहमीची तक्रार

हा दोष पहिल्याच पानावर भेटतो. ट्रिपलेटच्या धावपळीनंतर ऑक्टेव्हमध्ये, म्हणजे एका सप्तकाच्या अंतराचे दोन स्वर एकदम वाजवत, वर चढत जायचं असतं, ऑर्केस्ट्राने थीम हातात घेण्याआधी. खाली सुरेल, वर गेलं की बेसूर, आणि बेसूर नेहमी एकाच प्रकारचं: वरचा स्वर चढा.

कारण अंतरात आहे. व्हायोलिनच्या तारेची लांबी साधारण 328 मिलिमीटर धरा. डी तारेवर पहिलं बोट (तर्जनी) ई वर आणि ए तारेवर चौथं बोट (करंगळी) वरच्या ई वर ठेवलं, तर दोन बोटांमधलं अंतर तारेच्या दिशेने सुमारे 73 मिलिमीटर येतं. हीच जोडी एक सप्तक वर नेली की अंतर बरोबर निम्मं होतं, साडेछत्तीस. म्हणजे चढताना हाताची चौकट सतत मिटत गेली पाहिजे. पण हात ताणलेला असतो आणि ताणलेला हात मिटायला तयार नसतो, चौथं बोट पुढेच राहतं.

म्हणून करायचं काय? दोन्ही बोटं ठेवून वाजवायचा फक्त खालचा स्वर. चौथं बोट तारेवर नुसतं स्पर्श करून सोबत येतं. खालचा स्वर सुरात चढायला लागला की मग फक्त वरचा, तसाच. शेवटी दोन्ही, पण गजाचं वजन खालच्या तारेवर जास्त. कान खालच्या स्वराला धरून असला की वरचा त्यात मिसळतो. उलट वरच्याला धरून खालचा जुळवायला गेलात तर दोन्ही हलतात. शिफ्ट करताना, म्हणजे हात तारेवर वर सरकवताना, पहिलं बोट पुढारी, चौथं त्याच्या मागून.

हिंदुस्थानी पद्धतीने शिकून मग या बाजूला आलेल्यांना इथे वेगळाच त्रास होतो. बसून, व्हायोलिनचं डोकं पावलावर टेकवून वाजवताना वाद्याचा भार डाव्या हातावर नसतो, हात तारेवरून मोकळा घसरतो, त्यामुळे मींड सुरेख येते. उभं राहून मान आणि खांदा यांत वाद्य धरलं की तोच हात आधाराला धावतो आणि घसरणं अडतं. अशांनी आठवडाभर भिंतीला व्हायोलिनचं डोकं टेकवून (मध्ये रुमाल ठेवून) ऑक्टेव्ह चढावेत. भिंत वाद्य धरते, हात सुटतो. आणि मींड घेण्याचा मोह आवरा. शिफ्टमधला प्रवास ऐकू आला तरी चालतो, पण प्रत्येक ऑक्टेव्हला ऐकू आला तर ऐकणाऱ्याला गरगरतं.

किरकोळ, पण रोज विचारलं जातं

पहिला स्वर बेसूर लागतो. ऑर्केस्ट्राचा जेमतेम दीड बार होतो आणि तुम्हाला ई तारेवरच्या वरच्या बी वर उतरायचं असतं, तेही हळू आवाजात. या वेगात दीड बार म्हणजे दोन सेकंदसुद्धा नाहीत. ऑर्केस्ट्रा सुरू झाल्यावर बोट शोधू नका. आधीच तिसऱ्या पोझिशनला दुसरं बोट ठेवून, हात सैल सोडून उभे राहा, मग खूण करा. मास्तर लोक इथे भावनेबद्दल बरंच बोलतात. आधी बोट ठेवा.

दुसऱ्या थीमला सूर उघडा पडतो. ती थीम क्लॅरिनेट आणि बासरी घेतात आणि तुम्ही खाली मोकळी जी तार धरून असता. मोकळी तार बोटाने सुरात आणता येत नाही. जी उतरली असेल तर त्या वेळी सगळ्या सभागृहाला ऐकू येतं. त्याआधीच्या ऑर्केस्ट्राच्या लांब जागेत जी तपासून घ्या, कान खुंटीजवळ नेऊन, अगदी हळू. पावसाळ्यात खुंट्या अडकतात, उन्हाळ्यात घसरतात, तेव्हा निघण्याआधी खुंटीला पेस्ट, किंवा घसरत असेल तर नुसता खडू, लावलेला बरा.

भागांच्या मध्ये सूर लावायला वेळच मिळत नाही, ही तक्रार खरी आहे आणि तिला इलाज नाही. पहिला भाग संपताच ऑर्केस्ट्रातलं बसून (bassoon) हे फुंकवाद्य एक बी स्वर धरून ठेवतं, तिथून सी वर जातं आणि दुसरा भाग सुरू होतो. मेंडेल्सोनला मध्ये टाळ्या नको होत्या, त्याबरोबर आपलं ट्यूनिंगही गेलं. पहिल्या भागाच्या शेवटी वेग वाढतो तेव्हा तारांवर जोर कमी द्या, एवढंच हातात आहे.

तिसरा भाग पळतो. पळणारच, तो ई मेजरमधला फुलपाखरासारखा भाग आहे. पण पळतो तो बहुतेक वेळा गज तारेपासून फार वर उचलल्यामुळे. खाली ठेवा, आवाज कमी करा, वेग आपोआप खाली येतो.

पियानोवाल्याशी काय बोलायचं

आपल्यातले बहुतेक जण हा कॉन्चेर्तो ऑर्केस्ट्राबरोबर नाही, पियानोबरोबर वाजवणार. परीक्षेत, स्पर्धेत, कुणाच्या तरी हॉलमध्ये. रिकोशेच्या जागी पियानोवर थीम येते तेव्हा एक गोष्ट आधी ठरवून घ्या: लय कोणाची? पियानोवाला थीम वाजवतोय म्हणून तो तुमच्यासाठी थांबायला बघेल, तुम्ही साथ करताय म्हणून त्याच्यासाठी थांबाल, आणि दोघं मिळून बैलगाडी कराल. मी सांगतो की लय तुझी, बाबा, मी तुझ्या मागे आहे. मग मला फक्त दोऱ्याकडे लक्ष ठेवता येतं.

तालमीत आणखी एक करून बघा. पियानोवाल्याला थीम वाजवू द्या आणि तुम्ही रिकोशेऐवजी नुसत्या कॉर्ड पिझिकाटोत छेडा, कॉर्ड बदलेल तिथे एकेक. तो कुठे श्वास घेतो ते कळतं. माझ्या पहिल्या पियानोवाल्या बाई थीमच्या चौथ्या बारच्या शेवटी हलकासा श्वास घ्यायच्या, आणि मी दर वेळी तिथेच त्यांच्या पुढे निघून जायचो. कॉर्ड छेडल्यावर तिसऱ्या तालमीत ते लक्षात आलं. मी तिथे पेन्सिलीने स्वल्पविराम काढला. अंगठ्याच्या चित्रानंतरचा तो दुसरा. अजून आहे त्या पानावर, बराच पुसट झालाय.